दैनंदिन इंग्रजी : फलाटावरून फळ्याकडे

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल कामशेत सोडून मळवलीला थांबते, तेव्हा फलाटावर शाळा-कॉलेजातून परतणारी मुले, बाजारहाट करून आलेली मंडळी आणि पाठीवर पिशव्या अडकविलेले पर्यटक असे सर्व प्रकारचे लोक उतरतात. स्थानकाच्या एका अंगाला कार्ल्याची लेणी आणि एकवीरा देवीचे स्थान, तर दुसऱ्या अंगाला भाज्याची लेणी व त्यांच्या पाठीशी लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी इतिहासाशी निगडित अशा ज्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत लोहगड आहे. त्यामुळे परप्रांतांतून आणि परदेशांतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मळवलीचा हा फलाट म्हणजे मावळचे एक प्रवेशद्वारच आहे.

असा पाहुणा साहजिकच काही प्रश्न इंग्रजीत विचारतो. किल्ला किती दूर आहे? चढ किती आहे? वाटेत पिण्याचे पाणी मिळेल काय? परतीची शेवटची गाडी केव्हा? हे प्रश्न ज्याला विचारले जातात तो तरुण बहुधा पहिलीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेला असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांत ते पाचवीपासून होत असे. म्हणजे आजच्या तरुणाच्या पदरी दहा वर्षांचे शिक्षण आहे. तरीही पाणघोड्याचे इंग्रजी नाव स्पेलिंगसह बिनचूक सांगणारा हा तरुण 'वाट निसरडी आहे, जपून उतरा' एवढे सांगताना अडखळतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर हे एक वाक्य वेळेवर सांगता येणे किती मोलाचे आहे, हे मावळच्या रहिवाशांना वेगळे सांगावयास नको.

उणीव बुद्धीची नाही आणि कष्टांचीही नाही. उणीव आहे ती शब्द निवडण्याच्या आणि ते मनात रुजविण्याच्या पद्धतीत. दैनंदिन व्यवहाराचा शब्दसंग्रह कसा वाढतो याची थोडी माहिती शिक्षक, पालक आणि गावकारभारी यांना असेल, तर खर्चाचा फारसा भार न पडता ही उणीव दूर करता येण्यासारखी आहे.

हाताशी असलेली शिदोरी

मराठी मूल इंग्रजीच्या पहिल्या तासाला रिकाम्या हाताने येत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. तिकीट, स्टेशन, सिग्नल, बस, ड्रायव्हर, कंडक्टर, डॉक्टर, नर्स, इंजेक्शन, पेन, टेबल, कप, प्लेट, बॅट, बॉल, मोबाईल, चार्जर, पंप, मोटर, पाइप, व्हॉल्व्ह असे शेकडो शब्द ते घरीच शिकलेले असते. शेतकऱ्याच्या बोलण्यात ट्रॅक्टर, स्प्रे आणि सबसिडी येतात. ग्रामपंचायतीच्या सभेत बजेट, टेंडर, बिल आणि ऑडिट येतात. हे सर्व इंग्रजी शब्द होत. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून रेल्वेने आणलेले कितीतरी शब्द या परिसराच्या जिभेवर रुळले. 'प्लॅटफॉर्म'चा 'फलाट' झाला. त्याचप्रमाणे इतरत्र 'मास्टर'चा 'मास्तर', 'ऑर्डर्ली'चा 'अर्दली' आणि 'जॅकेट'चे 'जाकीट' झाले.

परकीय दिसणारा प्रत्येक शब्द मात्र इंग्रजी नव्हे. चावी, साबण, बादली, पगार, घमेले, पाव, बटाटा, अननस हे शब्द पोर्तुगिजांकडून आलेले आहेत. उलट मराठीनेही इंग्रजीला शब्द दिले आहेत. इंग्रजीतील 'मंगूस' हे नाव आपल्या मुंगसावरून गेलेले आहे. ही देवघेव वर्गात सांगितली, तर इंग्रजी ही कोणा दूरच्या साहेबाची भाषा आहे हे दडपण कमी होते.

शिक्षकाने वर्षारंभी एक साधा उपक्रम करावा. घरात, शेतात, दुकानात आणि स्थानकावर कानांवर पडणारे इंग्रजी शब्द प्रत्येक मुलाने आठवडाभर वहीत टिपावेत आणि मग वर्गाने मिळून त्यांची एकच यादी करावी. ती यादी शंभराच्या पुढे सहज जाते. 'मला इंग्रजी येत नाही' या समजुतीवर त्याहून चांगला उपाय नाही. उच्चारांच्या बाबतीतही मराठी लिपी साहाय्यक ठरते. 'बॅट' आणि 'बॉल' यांतील स्वर दाखविणारी चिन्हे मराठीने पूर्वीच स्वीकारली आहेत. 'व्हॅन' आणि 'वॉटर' यांतील आरंभीच्या ध्वनींचा फरकही आपण लिहिताना पाळतो. तो बोलतानाही पाळावा, एवढेच शिकवावयाचे उरते.

ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

ही शिदोरी उपयोगी असली तरी ती तपासून घ्यावी लागते; कारण मराठीत नांदता नांदता अनेक शब्दांनी आपले अर्थ बदलले आहेत. आपण चहा किंवा मिसळ मिळते त्या जागेला हॉटेल म्हणतो. इंग्रजी भाषिकाच्या लेखी हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. पाहुण्याने खोलीच्या शोधात 'हॉटेल' विचारावे आणि आपण त्याला वडापावच्या दुकानाकडे पाठवावे, असा घोटाळा येथूनच होतो. आपली 'लाईट' जाते, तेव्हा खरे तर वीजपुरवठा खंडित झालेला असतो. इंग्रजीत 'लाइट' म्हणजे उजेड किंवा दिवा, आणि वीजपुरवठ्याला 'पॉवर'. आपल्याकडे 'ड्रेस' म्हटले की बहुधा सलवार-कमीज डोळ्यांपुढे येते, इंग्रजीत झग्यासारखे एकसंध वस्त्र. परीक्षेतील 'कॉपी' ही आपली खास भर आहे. इंग्रजीत त्या गैरप्रकाराला 'चीटिंग' म्हणतात.

अशा शब्दांची एक वेगळी यादी वर्गाच्या भिंतीवर लावावी. शब्द, मराठीत रूढ झालेला अर्थ आणि इंग्रजीतील अर्थ असे तीन रकाने पुरेसे आहेत. मराठीतील अर्थ चुकीचा आहे असे मात्र मुलांना सांगू नये. मराठीत तो बरोबरच आहे. भाषा बदलली की अर्थ बदलतो, एवढेच समजावयाचे आहे.

शब्द किती हवेत?

इंग्रजीचे मोठे कोश पाहिले की लाखो शब्दांचा डोंगर समोर उभा राहतो आणि शिकणाऱ्याचा धीर सुटतो. प्रत्यक्षात रोजच्या व्यवहाराला त्यातील फार थोडे शब्द लागतात. या प्रश्नाचा महत्त्वाचा अभ्यास भारतीय उपखंडातच झाला. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाने १९२० नंतरच्या दशकात बंगाली विद्यार्थ्यांच्या अडचणी जवळून पाहिल्या. वाचनपाठांत नवे शब्द थोडे असावेत आणि आलेला शब्द पुढे पुन्हा पुन्हा भेटावा, या तत्त्वावर त्यांनी वाचनमाला तयार केली. सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातील दर शंभर शब्दांपैकी ऐंशीच्या आसपास शब्द या यादीतील असतात, असे पुढील अभ्यासांत आढळून आले.

त्याआधी, १९३० मध्ये, सी. के. ऑग्डेन यांनी अवघ्या ८५० शब्दांत व्यवहार भागविणारी 'बेसिक इंग्लिश' ही योजना मांडली होती. तीत वस्तू व कल्पनांची नावे ६००, गुण दाखविणारे शब्द १५० आणि क्रिया व संबंध दाखविणारे शब्द १०० होते. अलीकडे संगणकाच्या साहाय्याने कोट्यवधी शब्दांचा मजकूर तपासून २०१३ मध्ये वेस्ट यांच्या यादीची नवी आवृत्ती म्हणता येईल अशी सुमारे २,८०० शब्दांची यादी तयार करण्यात आली. सामान्य मजकुराचा नऊ-दशांशाहून अधिक भाग तिच्यात सामावतो. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाशिवाय वाचावयाची, तर आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात, असे भाषातज्ज्ञ सांगतात. शब्दकुल म्हणजे एका मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचा परिवार. तो पल्ला पुढचा आहे. मळवलीच्या फलाटावर, आरोग्य उपकेंद्रात किंवा बँकेत अडू नये, यासाठी पहिले दोन हजार शब्द हेच योग्य उद्दिष्ट ठरते.

हा हिशोब आवाक्यातला आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस ठरवून दिलेले आहेत. आठवड्यातील सहा दिवसांपैकी चार दिवस रोज पाच नवे शब्द घेतले आणि उरलेले दोन दिवस उजळणीला दिले, तर वर्षाला सुमारे साडेसहाशे आणि तीन वर्षांत दोन हजारांच्या आसपास शब्द होतात. पाचांचे पंचवीस करण्याचा मोह मात्र टाळावा. घाईने भरलेली गोणी वाटेत सांडते.

शब्द एकटा राहत नाही

'एक मराठी शब्द बरोबर एक इंग्रजी शब्द' अशा जोड्या पाठ करणे हा आपल्याकडचा रूढ प्रघात आहे. वस्तूंच्या नावांपुरता तो चालतो. क्रियापदांशी गाठ पडली की तो फसतो. 'काढणे' हे आपले नित्याचे क्रियापद पाहावे. आपण तिकीट काढतो, तेव्हा इंग्रजीत ते 'बाय' करतात, म्हणजे विकत घेतात. फोटो काढणे म्हणजे 'टेक', चित्र काढणे म्हणजे 'ड्रॉ', पायांतील बूट काढणे म्हणजे 'टेक ऑफ', बँकेतून पैसे काढणे म्हणजे 'विथड्रॉ'. 'लागणे' याचीही तीच गत आहे. भूक लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, आग लागते आणि घाटात गाडीही लागते. या पाचांसाठी इंग्रजीत पाच निरनिराळ्या रचना आहेत. 'काढणे' या शब्दाचा एकच प्रतिशब्द पाठ केलेला मुलगा म्हणूनच तिकीटखिडकीवर चमत्कारिक वाक्य बोलतो.

यावरचा उपाय सोपा आहे. शब्द त्याच्या सोबत्यांसह शिकवावा. 'बाय' हा सुटा शब्द न देता 'बाय अ टिकेट' हा जोडशब्दसमूह द्यावा. 'रोड' बरोबर 'क्रॉस द रोड' द्यावे. 'स्टीप' बरोबर 'अ स्टीप क्लाइंब' द्यावे. महाराष्ट्रात अनेक पिढ्यांना इंग्रजीची वाट दाखविणाऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे यशही याच गोष्टीत होते. धड्यात आलेला शब्द तेथल्या तेथे वाक्यांत वापरून पाहावा लागे. भाषांतराची ती पद्धत आज अपुरी वाटली, तरी शब्द शिकताच तो कामाला लावावयाचा, हे तिचे सूत्र जुने झालेले नाही.

इंग्रजीत वारंवार येणाऱ्या पहिल्या शंभर शब्दांत बहुतेक शब्द 'द', 'ऑफ', 'टू', 'इन', 'ऑन', 'फॉर' यांसारखे बारीकसारीक आहेत. मराठीत त्यांपैकी पुष्कळांचे काम प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. 'टेबलावर' हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेथे तीन शब्द लागतात. हे शब्द यादीतून कधीच कळत नाहीत. 'ऑन द प्लॅटफॉर्म', 'इन द ट्रेन', 'अॅट द गेट' अशा जागेशी बांधलेल्या तुकड्यांतूनच ते अंगवळणी पडतात.

शब्दांची नाती दाखविल्यासही संग्रह झपाट्याने वाढतो. 'टीच'पासून 'टीचर', 'फार्म'पासून 'फार्मर', 'हेल्प'पासून 'हेल्पफुल' आणि 'हेल्पलेस' हे शब्द होतात. मराठी मुलाला ही युक्ती परकी नाही. 'गाव'पासून 'गावकरी', 'जबाबदारी'पासून 'बेजबाबदार', 'शक्य'पासून 'अशक्य' हे शब्द ते रोज वापरते. उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या साहाय्याने एका शब्दाच्या ओळखीतून तीन-चार शब्दांची ओळख होते.

विसरणे आणि उजळणी

पाठ केलेला मजकूर पहिल्या काही तासांत व दिवसांत सर्वांत वेगाने विसरला जातो आणि नंतर तो वेग मंदावतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले. परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर शब्दांची घोकंपट्टी का वाया जाते, याचे उत्तर येथे मिळते. उजळणी एका बैठकीत दहा वेळा करण्यापेक्षा अंतराअंतराने चार वेळा करणे हितावह असते. आज शिकलेला शब्द आज संध्याकाळी, उद्या, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा समोर यावा.

त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे तुकडे करून एका अंगाला इंग्रजी शब्द व लहानसे वाक्य, दुसऱ्या अंगाला चित्र किंवा मराठी अर्थ लिहावा. खोक्याचे चार कप्पे करावेत. आठवलेला शब्द पुढच्या कप्प्यात जातो, न आठवलेला पहिल्या कप्प्यात परत येतो. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने आणि चौथा महिन्याने उघडावा. पत्रिका वाचण्याआधी शब्द स्वतः आठवून पाहावयाचा, हा यातील महत्त्वाचा नियम होय. नुसते पुन्हा पुन्हा वाचल्याने शब्द ओळखीचा वाटू लागतो, पण बोलताना तो जिभेवर येत नाही.

गाव हेच पाठ्यपुस्तक

बालभारतीची पाठ्यपुस्तके साऱ्या राज्यासाठी असतात; त्यांत मळवलीचा फलाट किंवा भाज्याच्या पायऱ्या असतीलच असे नाही. ती भर शिक्षकाने घालावयाची आहे. एका महिन्याला एक ठिकाण असा क्रम ठेवता येईल. पहिल्या महिन्यात स्थानक : गाडी, खिडकी, परतीचे तिकीट, उशीर, पूल, पुढचे स्थानक. दुसऱ्या महिन्यात वाट : सरळ, डावीकडे, उजवीकडे, चढ, उतार, निसरडे, दूर, जवळ. पुढे बाजार, दवाखाना, बँक, भातशेती आणि लेणी. प्रत्येक ठिकाणासाठी साठ-सत्तर शब्द आणि पंधरा-वीस नेहमीचे प्रश्न तयार झाले की दोन मुलांनी पाहुणा आणि गावकरी होऊन संभाषण करावे. मावळात राहणाऱ्या मुलाला इंद्रायणीच्या भातखाचरातील 'लावणी' आणि 'कापणी' इंग्रजीत सांगता आली पाहिजे. दूर देशीच्या फळांची नावे नंतर आली तरी चालतील.

काही शब्द जिवाशी संबंधित असल्याने ते मोठ्या माणसांनाही माहीत हवेत. कीटकनाशकाच्या डब्यावर विषाची तीव्रता दर्शविणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल आणि पिवळ्या रंगांसोबत 'पॉयझन', म्हणजे विष, निळ्यासोबत 'डेंजर', म्हणजे धोका, आणि हिरव्यासोबत 'कॉशन', म्हणजे सावधगिरी, हे शब्द येतात. सर्वांत जहाल अशा लाल गटावर कवटीचे चिन्हही असते. हिरवा रंग पाहून औषध निर्धोक मानणे चुकीचे ठरते. औषधाच्या बाटलीवरील 'शेक वेल बिफोर यूज' म्हणजे वापरण्यापूर्वी चांगले हलवा; 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' म्हणजे केवळ बाहेरून लावण्यासाठी; 'एक्स्पायरी' म्हणजे औषध वापरण्याची मुदत संपण्याची तारीख. हे शब्द शाळेतील मुलाने घरी जाऊन आजी-आजोबांना समजावून सांगितले, तर त्याचा अभ्यास पक्का होतो आणि घराचे रक्षणही होते.

या कामात ग्रामपंचायतीला मोठा वाटा उचलता येईल. वाचनालय, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, किल्ल्याची वाट या ठिकाणी वर ठळक मराठी आणि खाली इंग्रजी अशा पाट्या लावाव्यात. त्या शुद्ध असाव्यात, म्हणून लावण्यापूर्वी शिक्षकांकडून तपासून घ्याव्यात. कारण चुकीची पाटी वर्षानुवर्षे चूक शिकवीत राहते. ग्रंथालयात एखादा चांगला इंग्रजी-मराठी कोश आणि सोप्या इंग्रजीतील गोष्टींची पुस्तके ठेवावीत. पर्यटकांना वाट दाखविणाऱ्या, घरगुती निवास-भोजनाची सोय करणाऱ्या तरुण-तरुणींसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ संभाषणवर्ग भरवावा. त्यासाठी शाळेची खोली आणि एक उत्साही शिक्षक एवढे पुरेसे आहे.

मायबोलीच्या भक्कम पायावर

इंग्रजीच्या ओढीने मूल मराठीपासून तोडले पाहिजे, असा समज काही पालकांत दिसतो. तो साधार नाही. ज्या मुलाला 'निसरडे', 'खडकाळ', 'दाट' आणि 'विरळ' यांतील भेद मराठीत नीट कळतो, त्याला त्यांची इंग्रजी नावे शिकणे सोपे जाते. कारण कल्पना तयार असते, फक्त नवे नाव जोडावयाचे असते. मराठीलाच ज्याची कल्पना पुसट, त्याचे इंग्रजीही पुसटच राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा परिसरभाषेतून शिक्षण देण्यावर भर दिला आहे.

या संदर्भात एक जुने उदाहरण उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने मराठीचा कोश रचला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि दुसरी १८५७ मध्ये निघाली. परक्या भाषेचा हा अभ्यासक मराठी पंडितांना सोबत घेऊन लोकांच्या बोलण्यातील शब्द टिपत गेला, त्यांचे उपयोग तपासत गेला आणि त्यातून आजही अभ्यासकांना आधार वाटणारा ग्रंथ उभा राहिला. लोकांत वावरून, शब्द कोठे आणि कसा वापरला जातो हे पाहून भाषा आत्मसात होते, हाच त्याचा धडा होय. आपल्या मुलांनाही इंग्रजीकडे याच वाटेने जाता येईल.

मळवलीच्या फलाटावर उतरलेल्या पाहुण्याला वाट दाखविणारा तरुण उद्या न अडखळता बोलू लागला, तर त्याला चार पैसे अधिक मिळतील, पाहुणा सुखरूप परतेल आणि लोहगडाची कीर्ती दूरवर जाईल. त्यासाठी रोज पाच शब्द, त्यांचे सोबती, त्यांची वेळेवर उजळणी आणि ते वापरण्याची एखादी खरीखुरी संधी एवढीच सामग्री हवी. शाळा, पालक आणि ग्रामपंचायत यांनी मनावर घेतले, तर गावोगावी ही सामग्री आजच जमविता येईल.